खंडाचा दिवस

गेले काही दिवस पावसानं खंड दिला आहे. कोल्हापुरात, आमच्या राजारामपुरीत त्याची पहिली खूण बाल्कन्यांत दिसते. चादरी, रेनकोट, शाळेची दप्तरं सगळं एकदम दोऱ्यांवर येतं आणि कोंडलेल्या कपड्यांचा कुबट वास गल्लीभर पसरतो. दूध घालायला येणारे पवारकाका सकाळी म्हणाले, "खंड दिलाय बगा मॅडम पावसानं. भाताला काय हे बरं न्हाय." त्यांचे थोरले भाऊ आजऱ्याकडं भात करतात, त्यामुळं शहरात ऊन पडलं की काकांचा चेहरा उतरतो. मी दुधाचं पातेलं हातात धरून त्या एका शब्दापाशीच अडकून राहिले.

आदल्याच दिवशी कॉलेजातून माझा नवा नेमणुकीचा आदेश आला होता. मी तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते. म्हणजे वर्गात उभी असते तेवढा वेळ मी प्राध्यापक, घंटा झाली की कोणी नाही. आमच्या आदेशातही खंड असतो. तो कुणी लपवत नाही. चहा पिता पिता विचारतात, "मॅडम, तुमचा खंड झाला का?" जसं एखाद्याला विचारावं, केस कापून झाले का.

रियाजात खंड पडला, पारायणात खंड पडला, रोजच्या फिरण्यात खंड पडला की आपण हळहळतो. पडतो तो खंड वाईट, अशी आपली समजूत. पण पाऊस खंड 'देतो', आणि नोकरी देणाराही खंड 'देतो'. क्रियापद तेच. पावसाचा कुणी हात धरू शकत नाही, म्हणून भाषेनं त्याला देणारा म्हटलं असेल. माणसानं माणसाला दिलेल्या खंडालाही तेच क्रियापद कसं चिकटलं, याचा विचार मी अधूनमधून करते. राग येत नाही. राग यायचं वय गेलं असावं.

ज्यांच्या वाट्याला हा शब्द कधी आला नाही त्यांच्यासाठी सांगते. तात्पुरत्या माणसाला मुदत संपली की एक दिवस कमी करतात आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं घेतात. मधला तो एक दिवस म्हणजे खंड. माणूस तोच, टेबल तेच, काम तेच. पण कागदावर तो पुन्हा पहिल्यापासून नवा. अशानं तो कधी जुना होत नाही, आणि जो जुना होत नाही त्याला काही मागता येत नाही. एवढी साधी युक्ती आहे. ती पहिल्यांदा कुणाच्या डोक्यातून निघाली ठाऊक नाही, पण तो माणूस स्वतः नक्की कायम असणार.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. एका पुराच्या पावसाळ्यात कळलं.

पुराचा पावसाळा कोल्हापूरला फार बोलका करतो. एरवी 'जेवलासा का' विचारणारी माणसं 'बंधाऱ्यावर पाणी किती' विचारू लागतात. राधानगरी धरणाची दारं उघडली, ही बातमी पेपरच्या आधी रिक्षावाल्यांकडं असते. पेठांमधल्या म्हशी पुलाच्या चढावर, रस्त्याच्या मधल्या कठड्याला, कुणाच्या तरी बंगल्याच्या पोर्चमध्ये येऊन उभ्या राहतात आणि बंगलेवाला चक्क त्यांना वैरण घालतो. सगळीकडं पाणी आणि नळाला मात्र थेंब नाही, ही गंमत आम्ही दर पुरात नव्यानं सांगतो. त्या पावसाळ्यात मी नुकतीच एम.एस्सी. होऊन घरी बसले होते. वडिलांच्या ओळखीतून एका वीज कार्यालयात तक्रारींचे फोन घ्यायचं काम मिळालं. आपत्कालीन नेमणूक. आमच्यासारख्या बऱ्याच जणांना एकाच दिवशी घेतलं होतं. फोनवाले, गाडीवाले, आणि मुख्य म्हणजे वायरमन. आम्हाला कार्यालयानं घेतलेलं नव्हतं, मध्ये ठेकेदार होता. तो मी कधी पाहिला नाही. त्याच्या माणसाचा फोन यायचा, तेवढाच.

कामावर घेताना एका हमीपत्रावर सह्या घेतल्या. 'सदर नेमणूक आपत्कालीन परिस्थितीपुरती असून मी भविष्यात कोणताही हक्क सांगणार नाही' अशा अर्थाचं काहीतरी होतं. बाहेर पाऊस कोसळत होता, आत माणसं ओल्या बाहीनं सह्या करत होती, आणि कुणी एक शब्द वाचत नव्हतं. मीही वाचलं नाही. पाणी दारात आलेलं असताना हक्काबिक्काचं बोलणं अगदी अशोभनीय वाटतं, आणि हे सह्या घेणाऱ्यांना बरोबर माहीत असतं. आपत्तीत माणसाला सगळ्यात आधी स्वतःविषयी बोलायची लाज वाटू लागते.

एकानं मात्र वाचलं होतं. अण्णाप्पा.

अण्णाप्पा वायरमन. शिरोळकडचा, जैन शेतकरी घरातला. मळा भावाकडं, ह्याच्याकडं आयटीआयचा दाखला. चाळिशीचा असेल. उंच, किंचित पोक काढून चालणारा, बोलायला मोजकाच. माझ्याहून इतका मोठा असून मला अक्का म्हणायचा. त्यांच्या भागात बाईमाणसाला तसंच हाक मारतात. त्यानं हमीपत्र वाचलं आणि सही केली. मी विचारलं, "एवढं वाचून सही केलीच ना शेवटी?" तर म्हणाला, "सही न करून जाऊ कुठं अक्का? पण काय लिवून घेतलंय त्ये ठावं असावं मानसाला." पुराला, वादळाला, उन्हाळ्यात लोड वाढला की, तो असाच दर वेळी आपत्कालीन म्हणून येत होता, कित्येक वर्षं. मध्ये खंड. पुन्हा आपत्कालीन. एवढ्या आपत्त्या एका माणसाच्या नशिबी कशा, असं मी त्याला चिडवायची.

हंगामी हा शब्दही मला त्याच पावसाळ्यात नीट ऐकू आला. साखर कारखान्यांमुळं आमच्या भागात तो लहानपणापासून कानावर असतो. हंगामी माणूस म्हणजे ऊस आहे तोवरचा. आंब्याचा हंगाम, भाताचा हंगाम, परीक्षेचा हंगाम म्हणताना जीभ कशी सैल पडते. माणसाला हंगामी म्हटलं की तीच जीभ कोरडी होते.

पाणी ओसरू लागलं तेव्हा नदीकडच्या बाजूची एक गल्ली आमच्या फोनवर सतत होती. ती गल्ली मी तोवर पाहिली नव्हती, पण तिच्यातले आवाज ओळखू लागले होते. पाणी चढायला लागलं की अशा गल्लीची वीज खांबावरच जोड सोडवून तोडतात. पाणी उतरलं की घराघरातले मीटर तपासायचे, आणि मग कुणीतरी खांबावर चढून तो जोड पुन्हा बांधायचा. मीटरची तपासणी झाली होती. खांबावर चढायचं राहिलं होतं.

आणि नेमका त्या दिवशी पावसानं खंड दिला. लख्ख ऊन. कुणाला वाटेल, बरं झालं. पुराच्या गाळाची सवय नसलेल्यालाच तसं वाटतं. गाळ ओला आहे तोवर फावड्यानं ओढता येतो, पाण्याच्या धारेनं धुता येतो. एकदा ऊन खाऊन वाळला की भिंतीला, चुलीला, गोठ्याच्या फरशीला असा धरतो की सिमेंट परवडलं. धुवायला पाणी हवं, नळ बंद, बोअर आहे पण बोअरला मोटर आणि मोटरीला वीज. सकाळपासून ऊन चढत होतं आणि गल्ली वाळत होती.

त्याच दिवशी आम्हा सगळ्यांचा खंड होता. सगळ्यांना एका तारखेला घेतलं, त्यामुळं सगळ्यांची मुदत एका तारखेला संपली, आणि सगळ्यांचा खंड एका दिवशी आला. ठेकेदाराच्या माणसानं आदेश काढताना एवढाही विचार केला नव्हता की सगळेच घरी बसले तर खांबावर चढणार कोण. कायमचे वायरमन होते, पण काही पलीकडच्या गावांत पाण्यानं अडकलेले, काही मोठ्या लाइनवर गुंतलेले. कार्यालयात उरले तिथले प्रमुख इंगवलेसाहेब आणि एक शिपाई.

मी त्या दिवशी कार्यालयात का गेले, मला आजही सांगता येत नाही. घरी बसले असते तर वडिलांनी विचारलं असतं, आणि खंड हा प्रकार त्यांना समजावून सांगण्यापेक्षा जाणं सोपं होतं, एवढंच असावं. बाहेरच्या खोलीत तक्रार घेऊन येणाऱ्यांसाठी एक बाक होतं. त्यावर अण्णाप्पा बसलेला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्याला तेल, पायात बूट नव्हे तर चपला. मी त्याला कधी कोरडा पाहिला नव्हता, त्यामुळं क्षणभर ओळखलाच नाही.

"तुम्ही कसे काय?" मी विचारलं.

"साहेबांनी बोलवलंय न्हवं. आलो पावणा म्हणून." मग बाजूला सरकून म्हणाला, "बसा अक्का. आज तुमीबी पावण्याच की."

मी बसले. माझ्या टेबलावरचा फोन वाजू लागला. आम्ही दोघं त्याच्याकडं बघत राहिलो. सवयीनं मी उठायला लागले तर त्यानं नुसता हात आडवा केला. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. शेवटी इंगवलेसाहेब आतून बाहेर आले, त्यांनी स्वतः फोन घेतला, "हो, हो, पाठवतोय, माणूस पाठवतोय," म्हणाले, आणि मग आमच्याकडं पाहिलं.

इंगवलेसाहेब वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. पुरात त्यांच्या पायाला चिखल्या झाल्या होत्या, आवाज बसला होता, घरी गेले नव्हते. त्यांनी अण्णाप्पाला सांगितलं की जोड बांधायचा आहे, सामान गाडीत आहे, चल.

"चलतो की," अण्णाप्पा म्हणाला. "आज मी कामावर हाय एवढं लिवून द्या."

"आजच्या दिवस काय धरून बसलास अण्णाप्पा? उद्या नवा आदेश आहेच तुझा. मी उद्याच्याला सुट्टी लावतो तुला, मग झालं?"

"सुट्टी नगं साहेब. लिवून द्या."

"अरे, तुझा खंड आहे. ठेकेदाराच्या कागदावर तू आज नाहीस. मी कसं लिहू तू आहेस म्हणून? उद्या मलाच विचारतील."

"मग मीबी तेच म्हनतोय. कागदावर न्हाय तर मी खांबावरबी न्हाय. पावण्याला खांबावर चढवत्यात व्हय?"

तो चिडलेला नव्हता. पाहुण्यासारखाच गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. साहेब म्हणाले की मी आहे ना, मी जबाबदार. त्यावर तो एकदाच, सरळ बोलला. मागं एका पुरात त्याच्याबरोबरचा एक जण असाच खंडाच्या दिवशी चढला होता. साहेब तेव्हाचे दुसरे, पण शब्द हेच होते, मी आहे ना. तो पडला, पाय गेला. पुढं सगळ्यांनी हेच सांगितलं की त्या दिवशी हा आमचा माणूस नव्हता. ठेकेदार म्हणाला, 'आमचा नव्हता'; कार्यालय म्हणालं, 'आमचा नव्हता'. "मग त्यो कोन हुता, साहेब? कावळा हुता व्हय खांबावर बसलेला? आज मी पडलो तर पडलं कोन, त्ये आदी ठरवा. मग चडतो."

मला त्या वेळी त्याचा राग आला होता. आज हे लिहिताना हसू येतं, पण आला होता. मी त्या गल्लीचे आवाज रोज ऐकत होते. एका दिवसाचा प्रश्न, असा काय मोठा कायदा, असं माझं तरुण डोकं म्हणत होतं. आपत्ती सगळ्यांची असते, असा माझा तेव्हा समज होता. मला दिसत नव्हतं की पाणी सगळ्यांच्या घरात शिरतं, पण खांबावर एकालाच चढवतात, आणि ज्याला चढवतात त्याच्याकडून आधी लिहून घेतात की तो काही मागणार नाही.

तेवढ्यात गल्लीच येऊन उभी राहिली. फोन उचलेनात म्हणून माणसं चालत आली होती. गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल, हातात फावडी तशीच. कोल्हापूरची माणसं भांडायला आली की आधी आवाज येतो, मग माणूस दिसतो. साहेबांना त्यांनी धारेवर धरलं. साहेबांनी दमून अण्णाप्पाकडं बोट केलं, की वायरमन हा बसलाय, हाच चढत नाही. ते बोट दाखवणं मला आवडलं नाही, पण त्यांच्याकडं दाखवायला दुसरं काही उरलंही नसावं.

मग सगळा आवाज त्या पांढऱ्या शर्टावर वळला. मानुसकी हाय का न्हाय. आमच्या म्हशी उन्हात बांधल्यात. तुज्या घरात गाळ आस्ता तर. इस्त्री बगा लेकाची. अण्णाप्पाचे कान तेवढे लाल झाले.

त्या घोळक्यात एक म्हातारी होती. ठेंगणी, नऊवारीचा ओचा खोचलेला, नाकात मोरणी. हौसाबाई. नाव मला नंतर कळलं, आवाज मात्र लगेच ओळखला, कारण फोनवर सगळ्यात जास्त मला तिनंच झापलं होतं. ती ओरडत नव्हती. अण्णाप्पासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "का चडत न्हाईस बाबा? भ्या वाटतंय?"

"भ्या न्हवं आत्ती. रोज चडतोय. आज मी कामावर न्हाय म्हनून सांगत्यात, आन काम कर म्हनून बी सांगत्यात."

तिला ते समजायला वेळ लागला. तिनं दोनतीनदा तेच विचारलं. काल होतास? होतो. उद्या हाईस? हाय. मग आज का न्हाईस? साहेब काहीतरी सेवा, सलगता असं म्हणाले, ते तिनं ऐकून घेतलं आणि सोडून दिलं.

"म्हंजे आज तू वर चडून पडलास, तर कुनाचाच न्हाईस?"

"व्हय. कुनाचाच न्हाय."

घोळक्यातली फावडी खाली टेकली. मला वाटतं, त्या गल्लीतल्या प्रत्येक घरात कुणीतरी कुठंतरी हंगामी होतं, कुठल्या कारखान्यात, कुठल्या दवाखान्यात. त्यांना आता ते ऐकू आलं.

"मग लिवा की साहेब," हौसाबाई म्हणाली.

"आजी, माझ्या हातात नाही ते."

"मग हात कशाला हाय?"

साहेब खाली बघत राहिले. मी त्यांच्याकडं पाहत होते. त्यांनी लिहिलं असतं तर काय झालं असतं, ह्याचा मी पुढं बराच विचार केला. बहुतेक काही झालं नसतं. पण भीतीला तेवढा हिशेब करायला कधी सवड नसते. त्यांनी लिहिलं नाही.

हौसाबाईनं अण्णाप्पाकडं वळून पदर खांद्यावर नीट घेतला. "ही काय लिवायची न्हाईत. तू ऐक. आमची सगळी गल्ली खाली उबी ऱ्हाती. तू पडलास तर मी येऊन सांगीन, कुटं म्हनशील तितं. आन न पडलास तरीबी येऊन सांगीन. चडतोस?"

लेखी मागणाऱ्या माणसाला तोंडी मिळत होतं, आणि तेही अशा बाईकडून जिला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. "कचेरीत याला लागतंय आत्ती," तो म्हणाला. "एक डाव न्हवं, धा डाव याला लागतंय. लोक याचं म्हनत्यात आन येत न्हाईत."

"मी म्हनत न्हाय. मी येते."

तो उठला. शर्ट काढून त्यानं घडी घातली आणि माझ्याकडं दिली.

खांबापर्यंत आम्ही सगळे चालत गेलो. इंगवलेसाहेबही आले, लाइन बंद असल्याची खात्री त्यांनी स्वतः दोनदा करून घेतली, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. गल्लीला पुराचा तो वास होता, ओल्या धान्याचा, रॉकेलचा आणि मेलेल्या गवताचा. बनियनवर कमरपट्टा बांधून अण्णाप्पा चढला. खाली चार बायकांनी मदतीत आलेली ताडपत्री चारी टोकांना धरून ताणली. तिचा काही उपयोग नव्हता, हे त्यांनाही कळत असणार. वरून अण्णाप्पा ओरडला, "अवो, बाजूला व्हा, पक्कड पडंल डोस्क्यात!" बायका तसूभर हलल्या नाहीत. मी घडी घातलेला शर्ट छातीशी धरून उभी होते आणि माझे डोळे भरून आले. मला त्याची लाज वाटली नाही.

दुपारी मोटरी सुरू झाल्या. एका घरात, मग शेजारी, मग सगळ्या गल्लीत पाणी धो धो वाहू लागलं. वीज आल्याचा आनंद दिव्यांनीच मोजला जातो असं मी समजत होते, त्या दिवशी तो पाण्याच्या आवाजानं मोजला गेला. हौसाबाई गोठा धुवायला निघून गेली. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

पावसाळा संपला, आम्ही सगळे संपलो. खंडानंतरची मुदत संपली ती संपलीच; मला पुन्हा आदेश आला नाही, मी कॉलेजकडं वळले. अण्णाप्पालाही आला नाही. त्या दिवशी लिहून मागितलं हे ठेकेदाराच्या माणसापर्यंत गेलं होतं, आणि अशा मागण्या करणारा माणूस पुढच्या आपत्तीला नको असतो. अण्णाप्पा गेला कामगार न्यायालयात. त्याचं म्हणणं साधं होतं. मी वर्षानुवर्षं एकच काम करतोय, मधले खंड खोटे आहेत, खंडाच्या दिवशीही माझ्याकडून काम करून घेतलंय. आणि हे शेवटचं सिद्ध करायला त्याच्याकडं एक ओळही नव्हती.

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. तो अण्णाप्पाच्या बाजूनं लागला. आज तो कामावर आहे, कमरेत आणखी वाकलाय, आणि सगळ्यांशी मोजकंच बोलतो. पण निकाल लागायच्या आधी तारखांवर तारखा गेल्या. कामगाराचा हक्क ही वस्तू आपल्याकडं तारखा खाऊन मोठी होते. गल्लीतल्या ज्यांनी ताडपत्री धरली होती त्यातल्या एकीच्या मुलानं सांगितलं, कशाला कोर्टाच्या भानगडीत. दुसरी मुलीकडं राहायला गेली होती. एक म्हणाली, आता आठवत नाही बाई. मी त्यांना दोष देत नाही. पुराची आठवण आपण सगळेच गाळासारखी ओली असतानाच धुवून टाकतो, ठेवून करायचं काय तिचं.

मलाही साक्षीला बोलावलं होतं. मी जे पाहिलं ते सांगितलं. ठेकेदाराच्या वकिलांनी मला दोनच प्रश्न विचारले. त्या दिवशी तुम्ही कामावर होता का? नाही. मग कार्यालयात काय करत होता? पाहुणी म्हणून बसले होते, हे उत्तर मराठीत बरोबर आहे, पण न्यायालयात फार बरं वाजत नाही. मी साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरले तेव्हा अण्णाप्पा माझ्याकडं न बघता दाराकडं बघत होता. दर तारखेला तो असाच दाराकडं बघायचा.

हौसाबाई आली. मागच्या तारखेलाही आली होती, त्याच्या मागच्याही. साक्ष पुढं ढकलली की परत जायची, पुन्हा यायची. गुडघे गेले होते, नातवाच्या गाडीवरून यायची आणि जिना कठड्याला धरून चढायची. त्या दिवशी तिचा नंबर लागला. तिला खुर्ची दिली ती तिनं घेतली नाही.

वकील हुशार होते. त्यांनी आवाज चढवला नाही. आजी, तुम्ही त्या दिवशी खाली होता, वर चढलेला माणूस तुम्ही पाहिला, हे खरं असेल. पण तो कामावर होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं? साहेबांनी? नाही. त्याच्याकडं कागद होता? नाही. त्यानं स्वतःच सांगितलं होतं ना, की तो कामावर नाही? व्हय. मग तो कामावर होता, हे तुम्ही कशावरून म्हणता?

हौसाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. तिला उत्तर सुचत नाही असं वाटून वकील बसायला निघाले. ती मात्र त्यांना प्रश्न कळलाय की नाही, एवढंच बघत होती.

"लाईट आली की," ती म्हणाली.

वकिलांनी न्यायाधीशबाईंकडं पाहिलं. न्यायाधीशबाई टंकलेखकाकडं वळल्या आणि म्हणाल्या, "लिहून घ्या. त्या म्हणाल्या तसंच लिहा."